केंटकीची बर्बन-सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील केंटकी राज्यात डिस्टिलऱ्या, म्हणजे मद्य गाळण्याचे कारखाने, पाहायला जायचे ठरले की मुंबई-पुण्याहून येणारे पाहुणे, इथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आणि त्यांच्याकडे राहायला आलेले आईवडील साधारण तेच प्रश्न पाठवतात. गेली काही वर्षे ही उत्तरे निरनिराळ्या निरोपांतून लिहिली जात होती. ती येथे एकत्र केली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल, आणि एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात गुंतला असेल तेथे क्रमांक दिला आहे. तिकिटांचे दर आणि वेळा वरचेवर बदलतात, म्हणून आरक्षणापूर्वी त्या त्या डिस्टिलरीचे संकेतस्थळ अवश्य पाहावे.

१. बर्बन म्हणजे नेमके काय? इतर व्हिस्कींपेक्षा ती वेगळी कशी?

बर्बन ही व्हिस्कीच आहे, परंतु अमेरिकी कायद्याने तिची व्याख्या फार काटेकोरपणे केली आहे. जे धान्य आंबवायचे त्यात किमान ५१ टक्के मका असलाच पाहिजे. उरलेल्या भागात बहुधा राय (गव्हासारखे एक धान्य) किंवा गहू आणि थोडी माल्ट केलेली, म्हणजे मोड आणून वाळवलेली, बार्ली असते. भट्टीतून निघणारे मद्य १६० प्रूफहून तीव्र असता कामा नये, पिंपात भरताना ते १२५ प्रूफच्या वर चालत नाही आणि बाटलीत भरताना ते किमान ८० प्रूफ असावे लागते. प्रूफ म्हणजे अल्कोहोलच्या टक्केवारीची दुप्पट, त्यामुळे ८० प्रूफ म्हणजे ४० टक्के. पिंप ओकच्या लाकडाचे, पूर्णपणे कोरे आणि आतून जाळून काळे केलेले हवे. तीव्रता कमी करण्यासाठी लागणाऱ्या पाण्याखेरीज तिच्यात काहीही घालता येत नाही; बाटलीत दिसणारा तो तांबूस रंग सगळाच्या सगळा लाकडाने दिलेला असतो.

लेबलावरचे दोन शब्द आधीच समजून घेतले तर टूरवर ऐकलेले पटकन लक्षात येते. ‘स्ट्रेट’ म्हणजे किमान २ वर्षे पिंपात मुरलेली. ‘बॉटल्ड इन बाँड’ ही संज्ञा १८९७ च्या कायद्यातून आली: एकाच डिस्टिलरीत, एकाच हंगामात गाळलेली, किमान ४ वर्षे बाँडेड, म्हणजे सरकारी देखरेखीखालील, गोदामात ठेवलेली आणि बरोबर १०० प्रूफला बाटलीत भरलेली. त्या काळी भेसळीचा सुळसुळाट होता आणि या कायद्याने ग्राहकाला पहिल्यांदाच सरकारी हमी मिळाली.

२. बर्बन फक्त केंटकीतच बनते का? नसेल, तर एवढ्या लांब केंटकीलाच का जायचे?

अमेरिकेच्या कोणत्याही राज्यात बर्बन बनवता येते. १९६४ मध्ये अमेरिकी संसदेने तिला देशाचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन म्हणून मान्यता दिली, त्यात केंटकीचा वेगळा उल्लेख नाही. तरीही बहुतांश बर्बन केंटकीतच तयार होते आणि त्याची कारणे जमिनीत व हवेत आहेत. येथील पाणी चुनखडकातून झिरपून येते, त्यात लोह जवळजवळ नसते, आणि लोह तर व्हिस्कीचा रंग व चव दोन्ही बिघडवते. उन्हाळा कडक व दमट, हिवाळा गोठवणारा. तापमानाच्या या चढउतारामुळे पिंपातील मद्य लाकडात शिरते आणि परत बाहेर येते. राज्याची लोकसंख्या सुमारे ४५ लाख आहे आणि गोदामांत मुरत पडलेली पिंपे माणसांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. सहलीच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे हे सगळे दीड-दोन तासांच्या परिघात पाहता येते.

३. कोणत्या महिन्यात जावे?

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ मला सर्वांत आवडतो: हवा सुखद असते, झाडांची पाने रंग बदलत असतात आणि भट्ट्या चालू असतात. एप्रिलही चांगला. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी लुइव्हिलमध्ये केंटकी डर्बी ही घोड्यांची प्रसिद्ध शर्यत असते. शर्यत पाहायची नसेल तर तो संपूर्ण आठवडा टाळावा, कारण हॉटेलांचे दर कित्येक पटींनी वाढतात. सप्टेंबरमध्ये बार्ड्सटाउनला बर्बन महोत्सव भरतो, त्या दिवसांतही खोल्या लवकर संपतात.

जुलै-ऑगस्टविषयी सावध करणे आवश्यक वाटते, कारण भारतातून येणारे बरेच जण त्याच सुमारास येतात. भर उन्हाळ्यात अनेक डिस्टिलऱ्या देखभालीसाठी काही आठवडे उत्पादन थांबवतात. टूर चालू राहतात, पण आंबवण्याची पिंपे रिकामी आणि भट्टी थंड असते. आरक्षण करताना ‘त्या दिवशी उत्पादन चालू असेल का’ एवढे विचारून घ्यावे.

४. किती दिवस लागतील? एका दिवसात किती डिस्टिलऱ्या होतात?

पूर्ण तीन दिवस हातात असावेत आणि एका दिवसात दोनच डिस्टिलऱ्या धराव्यात. तिसरी केवळ शहरात, पायी जाता येण्याजोगी असेल तरच. हा आकडा अनेकांना कमी वाटतो आणि त्यावरून नेहमी चर्चा होते, म्हणून त्याचा हिशेब मांडतो. एक टूर तास ते दीड तासाची, त्याआधी पंधरा-वीस मिनिटे पोहोचायचे, नंतर दुकानात अर्धा तास, मग पुढच्या ठिकाणापर्यंत अर्धा-पाऊण तासाचा रस्ता, आणि मध्ये पोटभर जेवण व्हायलाच हवे. पहिल्याच सहलीत आम्ही एका दिवसात चार ठिकाणे गाठली. चौथ्या ठिकाणी मार्गदर्शक काय सांगत होता यातले एक वाक्यही आज आठवत नाही, आणि तिथली व्हिस्की कशी होती हेही सांगता येत नाही, कारण जीभ केव्हाच बधिर झाली होती.

तीन दिवसांची आखणी साधारण अशी करावी. पहिला दिवस लुइव्हिलमध्ये, मेन स्ट्रीटवरील ‘व्हिस्की रो’ परिसरात पायी. दुसरा दिवस दक्षिणेकडे, बार्ड्सटाउन आणि लोरेटो. तिसरा दिवस पूर्वेकडे, फ्रँकफर्ट आणि व्हर्सेल्स किंवा लॉरेन्सबर्ग. यातील निवड कशी करावी ते प्रश्न ६ मध्ये आहे.

५. तिथे पोहोचायचे कसे आणि मुक्काम कुठे करावा?

मुंबईहून केंटकीला थेट विमान नाही. एक किंवा दोन ठिकाणी विमान बदलून लुइव्हिल, लेक्सिंग्टन किंवा सिनसिनाटीला उतरावे लागते. सिनसिनाटी शहर ओहायोत असले तरी त्याचा विमानतळ केंटकीच्या हद्दीत आहे. अमेरिकेतच राहणाऱ्यांना गाडीने येणे सोयीचे: लुइव्हिल हे सिनसिनाटीपासून सुमारे १६०, इंडियानापोलिसपासून १८५, नॅशव्हिलपासून २८० आणि शिकागोपासून ४८० किलोमीटरवर आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी लुइव्हिललाच मुक्काम करावा, कारण जेवणाचे पर्याय भरपूर आहेत, टॅक्सी मिळते आणि मार्गदर्शित टूर तेथूनच निघतात. बार्ड्सटाउन हे सुमारे ६५ किलोमीटरवरील लहान, जुने आणि अतिशय देखणे गाव आहे. शांतता हवी असेल तर तेथे एक रात्र राहावे. नावांच्या उच्चारांचे भान ठेवले तर रस्ता विचारणे सोपे जाते. स्थानिक लोक लुइव्हिलला ‘लूअव्हल’ म्हणतात, आणि व्हर्सेल्सचा उच्चार फ्रान्समधील व्हर्सायसारखा करीत नाहीत. फ्रँकफर्ट ही केंटकीची राजधानी आहे. विमानाचे तिकीट काढताना जर्मनीतील शहराशी गल्लत करू नये.

६. इतक्या डिस्टिलऱ्यांमधून निवड कशी करावी? कोणत्या चुकवू नयेत?

मोठी नावे जमवण्यापेक्षा एकमेकींहून वेगळ्या असलेल्या जागा निवडाव्यात, हे माझे ठाम मत आहे. मूळ प्रक्रिया सगळीकडे तीच असते. सारख्याच धाटणीच्या दोन टूर लागोपाठ घेतल्या की दुसरी कंटाळवाणी होते.

लोरेटोतील मेकर्स मार्क येथे जरूर जावे. शेतांमधून जाणारा वळणावळणाचा रस्ता, काळ्या भिंतींच्या आणि लाल झडपांच्या इमारती, मधून वाहणारा ओढा, असे ते ठिकाण आहे. येथील बर्बनमध्ये रायऐवजी गहू वापरतात, म्हणून चव सौम्य लागते. बाटलीच्या मानेवरून ओघळलेले लाल मेण ही मार्जी सॅम्युएल्स यांची कल्पना, आणि विकत घेतलेली बाटली येथे आपल्या हाताने मेणात बुडवता येते. एप्रन आणि चष्मा चढवायचा, बाटली उलटी धरून मानेपर्यंत वितळलेल्या मेणात बुडवायची, वर काढून हलकेच फिरवत सरळ करायची. मेण कुठवर ओघळेल ते आपल्या मनगटावर ठरते. आमच्या घरी असलेल्या बाटलीवरचा एक ओघळ पार लेबलापर्यंत आला आहे, आणि सहलीची तीच आठवण सर्वांत आधी दाखवली जाते.

व्हर्सेल्सजवळचे वुडफर्ड रिझर्व्ह घोड्यांच्या कुरणांच्या मधोमध आहे. येथे तांब्याच्या पॉट स्टिल, म्हणजे घागरीच्या आकाराच्या भट्ट्या, आणि चुनखडीच्या दगडी गोदामांमुळे जुन्या काळाचा अंदाज येतो. भरलेली पिंपे रुळांवरून घरंगळत गोदामाकडे जातात. एकोणिसाव्या शतकात याच जागेवर जेम्स क्रो यांनी आंबवण्याच्या ‘सावर मॅश’ पद्धतीला शास्त्रीय शिस्त लावली. मागच्या खेपेचे उरलेले आंबट पाणी नव्या खेपेत मिसळायचे, म्हणजे आम्लता सारखी राहते आणि नको ते जिवाणू वाढत नाहीत. विरजणाची सवय असलेल्या माणसाला हे लगेच उमगते.

लॉरेन्सबर्गमधील फोर रोझेसची इमारत स्पॅनिश मिशन धाटणीची आणि पिवळसर रंगाची आहे. ज्यांना चवीचे बारकावे समजून घ्यायचे आहेत त्यांनी हीच निवडावी: धान्याची दोन मिश्रणे आणि यीस्टचे पाच प्रकार यांतून येथे दहा निरनिराळ्या बर्बन तयार होतात. त्याच गावातील वाइल्ड टर्की केंटकी नदीवरच्या कड्यावर आहे आणि तेथून दिसणारे दृश्य विसरता येत नाही. लुइव्हिलमध्ये ओल्ड फॉरेस्टर निवडावी, कारण पिंप जाळण्याचे काम इमारतीतच पाहायला मिळते. क्लेरमाँटची जिम बीम आणि बार्ड्सटाउनची हेवन हिल ही मोठी, सुसज्ज ठिकाणे आहेत. त्याच गावातील विलेट लहान आणि घरगुती वळणाची आहे. बफेलो ट्रेसविषयी पुढच्या प्रश्नात लिहिले आहे.

७. ‘केंटकी बर्बन ट्रेल’ म्हणजे काय? त्यात बफेलो ट्रेस का दिसत नाही?

ही काही खुणा लावलेली एकच एक वाट नव्हे. केंटकीतील डिस्टिलरीचालकांच्या १८८० पासूनच्या संघटनेने १९९९ मध्ये सुरू केलेला हा पर्यटन उपक्रम आहे. नकाशात फक्त संघटनेच्या सभासद डिस्टिलऱ्या असतात आणि बफेलो ट्रेस त्यात नाही, म्हणून केवळ त्या नकाशावर विसंबून आखणी केली तर फ्रँकफर्टमधील हे महत्त्वाचे ठिकाण निसटते. तेथील टूर विनामूल्य असल्याने जागा फार लवकर भरतात. जुन्या विटांच्या प्रचंड गोदामांचा तो परिसर राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून नोंदलेला आहे. तो केंटकी नदीच्या अगदी काठावर आहे. एप्रिल २०२५ च्या पुरात पाणी आत शिरून डिस्टिलरी काही काळ बंद ठेवावी लागली होती. पावसाळी आठवड्यात निघण्यापूर्वी ती चालू असल्याची खात्री करावी.

८. आरक्षण किती आधी करावे?

शनिवार-रविवार आणि ऑक्टोबरसाठी दोन ते तीन महिने, इतर दिवसांसाठी तीन-चार आठवडे. साधी टूर साधारणतः २० ते ३० डॉलरपर्यंत असते, विशेष टूर त्याहून बऱ्याच महाग. काही ठिकाणे सोमवारी बंद असतात आणि काही रविवारी उशिरा उघडतात, म्हणून मधल्या वारांना प्राधान्य द्यावे. टूरचे आरक्षण मिळाले नाही तरी दुकान, बार आणि परिसर बहुतेक ठिकाणी खुला असतो.

९. आपली गाडी घेऊन जावे का? थोडेसेच तर चाखायचे असते.

गाडी जरूर घ्यावी, पण चालवणाऱ्याने त्या दिवशी एक थेंबही घेऊ नये, आणि हे घरातून निघण्यापूर्वीच ठरलेले असावे. केंटकीत रक्तातील अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के आहे. ‘थोडेसे’ हा शब्द येथे फसवा ठरतो, कारण दोन ठिकाणचे घोट मिळून दोन-तीन पेग कधी झाले ते कळत नाही, आणि बर्बन अनेकदा ५० टक्क्यांहून तीव्र असते. रस्ते अरुंद, वळणांचे आणि संध्याकाळी हरणांच्या वर्दळीचे आहेत.

व्हिसावर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. मद्यपान करून गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, तरी खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच व्हिसा रद्द होऊ शकतो. नोकरी, मुलांची शाळा, घर हे सारे एका दुपारच्या हौसेपायी पणाला लावू नये.

भारतातून येऊन गाडी भाड्याने घेणाऱ्यांनी मूळ परवान्याबरोबर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणावा. पंचविशीच्या आतील चालकाला बहुतेक कंपन्या जादा आकार लावतात. उघडलेली बाटली गाडीत बसण्याच्या भागात ठेवणे कायद्याने मना आहे, ती मागच्या डिकीतच ठेवावी.

१०. मग मार्गदर्शित टूर घेणे चांगले का? त्यात काय मिळते?

सगळ्यांनाच चाखायचे असेल तर हाच योग्य मार्ग आहे. लुइव्हिल व लेक्सिंग्टनहून छोट्या बस आणि व्हॅन निघतात, हॉटेलवरून घेतात आणि परत सोडतात. दोन किंवा तीन डिस्टिलऱ्या, आरक्षणे आणि काही वेळा जेवण त्यात धरलेले असते. सहा-आठ जणांचा गट असेल तर खासगी व्हॅन माणशी फार महाग पडत नाही. नोंदणी करताना प्रवेशशुल्क धरलेले आहे की वेगळे, हे विचारावे. चालकाला १५ ते २० टक्के टिप देण्याची रीत आहे.

मोबाइलवरून टॅक्सी बोलावून फिरण्याचा बेत फक्त लुइव्हिल आणि लेक्सिंग्टन शहरांत जमतो. लोरेटोला टॅक्सीने जाता येईल, पण परतीची टॅक्सी मिळण्याचा भरवसा नाही आणि त्या भागात फोनला नीट रेंजही नसते.

११. टूरमध्ये प्रत्यक्ष काय पाहायला मिळते?

धान्य दळण्यापासून बाटलीपर्यंतचा सगळा प्रवास, पण मनात राहतात त्या दोन जागा. पहिली म्हणजे आंबवण्याची खोली. पुरुषभर उंचीच्या उघड्या पिंपांत मक्याचा पिवळा रबडा आंबताना सुटणाऱ्या वायूने खदखदत असतो, जणू चुलीवर पिठले रटरटते आहे. काही ठिकाणी त्यात बोट बुडवून चाखू देतात: पहिल्या दिवशीचे गोडसर, तिसऱ्या दिवशीचे आंबट, थेट आंबिलीची आठवण करून देणारे. पिंपावर अगदी वाकून वास घेऊ नये. वर साठलेला कार्बन डायऑक्साइड नाकाला झोंबतो आणि क्षणभर श्वास अडतो.

दुसरी जागा म्हणजे गोदाम. लाकडी मांडण्यांवर सुमारे २०० लिटरची पिंपे सात-सात मजले रचलेली असतात; आत अंधूक उजेड, आणि जुने लाकूड, व्हॅनिला, करपलेली साखर यांचा मिळून एक वास. दरवर्षी पिंपातील काही टक्के मद्य उडून जाते, त्याला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात, आणि तो वास त्या वाट्याचाच असतो. बाहेरच्या भिंती व झाडांच्या खोडांवर काजळीसारखा काळा थर दिसतो. ती या वाफेवर वाढणारी बुरशी आहे.

पिंपाविषयी एक गोष्ट आपल्या लोकांना हमखास आवडते. कायद्याने बर्बनसाठी पिंप एकदाच वापरता येते, त्यामुळे रिकामी पिंपे जगभर विकली जातात. गोव्यात कुंकळ्ळीला तयार होणारी पॉल जॉन सिंगल माल्ट अशाच बर्बनच्या जुन्या पिंपांत मुरते. गोव्याच्या उष्ण हवेत देवदूतांचा वाटा केंटकीपेक्षा पुष्कळच मोठा असतो, म्हणून तेथील व्हिस्की तुलनेने लवकर तयार होते.

१२. चाखायला किती देतात? कधीच व्हिस्की न प्यायलेल्या माणसाने काय करावे?

साधारण तीन-चार प्रकारांचे अगदी लहान घोट, सगळे मिळून एखाद्या पेगच्या आसपास. ग्लास नाकाला चिकटवू नये; तोंड किंचित उघडे ठेवून हनुवटीच्या उंचीवरून वास घ्यावा. पहिला घोट फक्त जिभेला सवय व्हावी म्हणून, चव दुसऱ्या घोटापासून कळते. दोन थेंब पाणी घालणे मुळीच कमीपणाचे नाही, मार्गदर्शक स्वतःच तसे सुचवतात. छातीत उतरणाऱ्या उबेला इथे ‘केंटकीची मिठी’ म्हणतात. नको असलेले ओतून टाकायला भांडे ठेवलेले असते आणि त्याचा वापर करणाऱ्याला कोणी नावे ठेवत नाही. मधुमेह, रक्तदाब यांची औषधे चालू असतील त्यांनी डॉक्टरांना आधी विचारावे.

१३. वयाची अट काय आहे? मुलांना नेता येते का?

चाखण्यासाठी आणि खरेदीसाठी २१ वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि केस पांढरे असले तरी ओळखपत्र मागितले जाते. भारतातून आलेल्यांनी मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा. फोनमधील छायाचित्र किंवा आधार कार्ड चालेलच असे नाही. बऱ्याच साध्या टूरवर मुलांना पालकांबरोबर प्रवेश असतो, मात्र कॉकटेल वर्ग आणि विशेष टूर केवळ २१ वर्षांवरील व्यक्तींसाठी असतात. मुलांचे तिकीटही आरक्षणातच नोंदवावे लागते. मुलांसाठी अधिक चांगले पर्याय प्रश्न १६ मध्ये आहेत.

१४. आईवडील सत्तरीचे आहेत, गुडघे दुखतात. त्यांना झेपेल का?

लुइव्हिलच्या मेन स्ट्रीटवरील ठिकाणे झेपतील. ती बंदिस्त, वातानुकूलित आणि लिफ्टची सोय असलेली आहेत. खेड्यांतील डिस्टिलऱ्यांत मात्र चढउतार, खडीचे रस्ते आणि लोखंडी जिने असतात, गोदामांत वातानुकूलन नसते, आणि जुलैच्या दुपारी आतली उष्णता वयस्क माणसाला सोसवत नाही. सकाळची पहिली टूर घ्यावी, चाकाच्या खुर्चीची गरज आरक्षणाच्या वेळीच कळवावी आणि पुढून बंद असलेले, सपाट तळाचे बूट घालावेत. चपला-सँडल घातल्यास काही टूरवर प्रवेश मिळत नाही.

१५. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. जेवणाचे काय? बर्बन शाकाहारी असते का?

बर्बन धान्य, पाणी आणि यीस्ट यांचीच असते, त्यामुळे तिच्याबाबत शंका नको. जेवणाची मात्र तयारी ठेवावी. लुइव्हिल आणि लेक्सिंग्टनमध्ये भारतीय उपाहारगृहे आहेत. बार्ड्सटाउनपलीकडे पर्याय एकदम कमी होतात. येथे फरसबीसारख्या साध्या भाजीतही बेकन घालून शिजवण्याची पद्धत आहे आणि मक्याच्या पावात चरबी असू शकते, म्हणून प्रत्येक वेळी विचारावे. ‘हॉट ब्राउन’ हा लुइव्हिलचा प्रसिद्ध पदार्थ टर्की आणि बेकनचा आहे. त्याऐवजी ‘बेनेडिक्टीन’ मागावे: काकडीचा रस आणि क्रीम चीज यांचे हे मिश्रण लुइव्हिलच्याच जेनी बेनेडिक्ट यांनी रूढ केले, आणि त्याचे सँडविच आपल्या काकडीच्या सँडविचच्या जवळ जाणारे आहे. खेड्यांकडे जाताना आम्ही दशम्या आणि कोरडी चटणी बरोबर घेतो. रिकाम्या पोटी चाखणे टाळता येते.

फ्रँकफर्टमध्ये १९१९ पासून चालू असलेले रेबेका रूथ हे चॉकलेटचे दुकान ‘बर्बन बॉल’साठी प्रसिद्ध आहे. त्यात खरी, न शिजवलेली बर्बन असते. साधे चॉकलेट समजून मुलांना देऊ नये.

१६. घरातल्या काही जणांना दारूत अजिबात रस नाही. त्यांनी काय पाहावे?

क्लेरमाँटला जिम बीमच्या जवळच बर्नहाइम अरण्य आहे. व्हिस्कीच्या धंद्यात पैसा मिळवलेल्या आयझॅक बर्नहाइम यांनी ते लोकांसाठी राखले, आणि टाकाऊ लाकडातून उभारलेले तेथील महाकाय पुतळे पाहून मुले हरखून जातात. बार्ड्सटाउनजवळ गेथसेमनी येथे ट्रॅपिस्ट साधूंचा १८४८ पासूनचा मठ आहे; तेथील शांतता अनुभवण्यासारखी आहे. लुइव्हिलमध्ये मुहम्मद अली केंद्र, लेक्सिंग्टनला घोड्यांचे केंटकी हॉर्स पार्क, हॉजेनव्हिलजवळ अब्राहम लिंकन यांचे जन्मस्थान.

एक पूर्ण दिवस काढता आला तर मॅमथ केव्ह राष्ट्रीय उद्यान पाहावे; ६५० किलोमीटरहून अधिक लांबीची ही जगातील सर्वांत लांब ज्ञात गुहा आहे. वेळेची एक मेख लक्षात ठेवावी: गुहेचे घड्याळ लुइव्हिल आणि बार्ड्सटाउनच्या एक तास मागे असते. जाताना एक तास मिळतो, पण त्याच दिवशी परत येऊन डिस्टिलरीची टूर धरली असेल तर तोच तास हातचा जातो.

१७. त्याच सहलीत जॅक डॅनियल्स पाहता येईल का?

ती शेजारच्या टेनेसी राज्यात, लिंचबर्ग येथे आहे. बार्ड्सटाउनहून जवळजवळ चार तासांचा रस्ता. परतीचे विमान नॅशव्हिलहून असेल तरच ती जोडावी. ती स्वतःला बर्बन न म्हणवता टेनेसी व्हिस्की म्हणवते, कारण पिंपात भरण्याआधी मद्य शुगर मेपलच्या कोळशातून गाळले जाते.

१८. दुर्मिळ बाटली, विशेषतः पॅपी व्हॅन विंकल, डिस्टिलरीत मिळेल का?

पॅपी बफेलो ट्रेसमध्ये तयार होते, पण तेथील दुकानाच्या फळीवर ती सापडेल ही अपेक्षा ठेवू नये. ती हवीच असेल तर लुइव्हिलच्या एखाद्या चांगल्या बारमध्ये अर्धा पेग मागावा. महाग पडतो, पण बाटलीच्या मानाने काहीच नाही. त्यापेक्षा फक्त त्या डिस्टिलरीतच विकली जाणारी बाटली घ्यावी. छापील किमतीवर ६ टक्के विक्रीकर लागतो.

१९. भारतात परतताना किती बाटल्या आणता येतात?

प्रत्येक प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते. बहुतेक बाटल्या ७५० मिलिलिटरच्या असतात, म्हणजे दोन बाटल्या नियमात बसतात आणि तिसरी धरली की सव्वादोन लिटर होऊन मर्यादा ओलांडली जाते. जास्तीची बाटली असेल तर लाल मार्गिकेतून जाऊन ती घोषित करावी. बर्बनवरील आयातशुल्क भारताने फेब्रुवारी २०२५ मध्ये १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणले, तरी भारतात सहज मिळणारी बाटली उचलून आणण्यात अर्थ नाही. ती दोन बाटल्यांची जागा प्रश्न १८ मध्ये सांगितलेल्या बाटलीसाठी ठेवावी. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयोमर्यादा २५ वर्षे आहे आणि परवानाही लागतो, आणि गुजरातेत दारूबंदी आहे, याचे भान भेट देताना असू द्यावे.

२०. विमानात बाटली नेण्याचे नियम काय? कुरिअरने पाठवता येत नाही का?

बाटल्या चेक-इन सामानातच ठेवाव्यात, सीलबंद आणि मूळ वेष्टनात. २४ ते ७० टक्के अल्कोहोल असलेले मद्य माणशी ५ लिटरपर्यंत नेता येते. ७० टक्क्यांहून तीव्र असेल तर विमानात मुळीच नेता येत नाही. पिंपातून पाणी न मिसळता भरलेल्या काही मोजक्या बर्बन १४० प्रूफच्या पुढे जातात, म्हणून ‘बॅरल प्रूफ’ लिहिलेली बाटली घेताना लेबलावरचा आकडा वाचावा. सील उघडलेली बाटली नेऊ नये. ती शेवटच्या रात्री संपवावी किंवा यजमानांकडे ठेवावी.

मुंबईला किंवा दिल्लीला उतरून पुढे देशांतर्गत विमान असेल, तर सीमाशुल्क पहिल्याच विमानतळावर होते आणि सामान पुन्हा जमा करावे लागते. ड्युटी-फ्रीमध्ये हातात घेतलेली बाटली त्याच वेळी बॅगेत टाकावी, नाहीतर पुढच्या सुरक्षा तपासणीत ती काढून घेतली जाते. अमेरिकी टपालाने मद्य पाठवण्यास मनाई आहे. केंटकीतील काही डिस्टिलऱ्या अमेरिकेतील ठरावीक राज्यांत घरपोच पाठवतात, तेव्हा मुलगा-सून तिथे राहत असतील तर त्यांचे राज्य त्या यादीत आहे का, हे दुकानातच विचारावे. बाटली घेताना पत्त्यावर २१ वर्षांवरील कोणीतरी सही करायला हजर असावे लागते.